दहाव्या वर्षीच जागा ठरवू नका : क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

मा. क्रीडामंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

लहान मुलांच्या फुटबॉल निवड चाचणीच्या अर्जात नाव, जन्मतारीख, उंची यांच्याखाली बहुतेक वेळा आणखी एक रकाना असतो : खेळण्याची जागा. दहा वर्षांचं पोर तिथे 'डिफेंडर' (बचावपटू) लिहितं आणि पुढची कित्येक वर्षं डिफेंडरच राहतं. बारा वर्षांखालच्या मुलांच्या अर्जातून हा रकाना काढावा, ही माझी पहिली मागणी. दिसायला क्षुल्लक आहे, म्हणून कारण जरा सविस्तर सांगतो.

मी लहान मुलांना फुटबॉल शिकवतो. या वयात जागा कशी ठरते? उंच, दणकट मुलगा मधल्या बचावात. बुटका पण चपळ असेल तर विंगवर, म्हणजे कडेच्या आक्रमणात. आणि ज्याला कुठे घालावं ते कळत नाही, तो गोलमध्ये. ही पारख नव्हे, सोय आहे. त्यातही दहाव्या वर्षीची उंची पुष्कळदा फक्त जन्मतारखेची कमाल असते. वयोगट 1 जानेवारीपासून मोजला, तर जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरातल्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असतो. जगभरच्या कुमार संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांचा भरणा जास्त दिसतो, तो याचमुळे.

आता त्या उंच मुलाचं पुढे काय होतं ते पाहा. बाहेरून एकच आरोळी येत असते, "लांब मार!" तो लांब मारतो, संघ जिंकतो, सगळे खूश. पंधराव्या वर्षी बाकीची मुलं उंचीला त्याच्या बरोबरीने येतात. तोवर त्याने अंगावर माणूस असताना चेंडू घेऊन वळणं कधी केलेलंच नसतं. उंचीचा फायदा संपलेला असतो आणि पायात कसब आलेलं नसतं. मग 'पूर्वी चांगला होता' असं म्हणून त्याला यादीतून वगळतात. मला विचाराल तर तो बिघडलेला नसतो, त्याला अर्धाच खेळ शिकवलेला असतो.

मैदानावरची प्रत्येक जागा वेगळं काही शिकवते. बॅकच्या, म्हणजे कडेच्या बचावपटूच्या, एका बाजूला टचलाइन (मैदानाची बाजूची रेषा) असते आणि बहुतेक खेळ त्याच्या समोर चालतो. मधल्या फळीतल्या मिडफिल्डरवर चारही बाजूंनी माणूस येतो, म्हणून चेंडू पायाशी येण्याआधीच खांद्यावरून मागे बघण्याची सवय त्याला लावून घ्यावी लागते. सगळ्यांत पुढे खेळणाऱ्या स्ट्रायकरला गोलकडे पाठ करून, मागून धक्के खात चेंडू सांभाळावा लागतो. गोलकीपरसुद्धा यातून सुटलेला नाही : 1992 च्या नियमबदलानंतर सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला पास त्याला हातात घेता येत नाही, म्हणजे त्यालाही पायाने खेळता यायलाच हवं. जो कधीतरी बॅकला खेळला आहे, त्या स्ट्रायकरला बॅकची अडचण नेमकी कुठे होते ते सांगावं लागत नाही.

मोठ्या खेळाडूंच्या कारकिर्दी याची साक्ष देतील. थिएरी आँरी सुरुवातीला बराच काळ विंगवर खेळला. 1999 मध्ये लंडनच्या आर्सेनल क्लबमध्ये प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांनी त्याला मधला स्ट्रायकर केलं आणि त्याने क्लबसाठी विक्रमी 228 गोल केले. डावीकडून आत शिरून दूरच्या खांबाकडे चेंडू वळवणारा त्याचा फटका आठवा, त्यात विंगर दिसतोच. पुढे आक्रमणात नाव कमावलेल्या गॅरेथ बेलची सुरुवात लेफ्ट बॅक म्हणून झाली. जर्मनीचा कर्णधार फिलिप लाम 2014 च्या विश्वचषकात सुरुवातीला मिडफिल्डमध्ये खेळला, उपांत्यपूर्व फेरीपासून पुन्हा राइट बॅकला गेला आणि जर्मनीने चषक जिंकला. मुलींच्या प्रशिक्षकांनी क्रिस्टल डनकडे पाहावं. क्लबसाठी गोलांचा रतीब घालणारी ही खेळाडू 2019 चा विश्वचषक अमेरिकेकडून लेफ्ट बॅक म्हणून खेळली आणि जिंकली.

यावर आक्षेप ठरलेला आहे : सगळ्या जागा खेळवल्या तर एक ना धड, भाराभर चिंध्या. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाबाबत मला तो मान्य आहे, त्या वयात एक जागा पक्की करायलाच हवी. दहाव्या वर्षी मात्र नाही. दुसरा धोका मला अधिक खरा वाटतो, आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. जो मुलगा कुठेही खेळू शकतो, त्याला प्रशिक्षक भोकं बुजवायला वापरतात. आज याच्या जागी, उद्या त्याच्या जागी, आणि संघ पूर्ण असला की बाकावर. याला अष्टपैलू घडवणं म्हणत नाहीत. जागा बदलायची ती सगळ्यांची, आधी ठरवून आणि आठवडे-आठवडे टिकवून. एका सामन्यात चार जागा फिरवल्या तर मूल फक्त गोंधळतं.

हे प्रशिक्षकांच्या सद्बुद्धीवर सोडून चालणार नाही. ज्याची नोकरी बारा वर्षांखालच्या करंडकावर अवलंबून आहे, तो उंच मुलाला मागे बचावातच ठेवणार. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. नियम वरूनच बदलावे लागतात. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने 2012 मध्ये ठरवलं की सर्वांत लहान मुलं पाच-पाच, मग सात-सात, मग नऊ-नऊ अशी खेळतील आणि अकरा-अकराचा सामना तेराव्या वर्षाच्या गटापासून. जर्मनीने 2024-25 च्या हंगामापासून लहानग्यांसाठी तीन-तीन जणांचे छोटे सामने सक्तीचे केले. तीनच जण असले की प्रत्येकाला बचावही करावा लागतो आणि गोलही मारावा लागतो, जागेला चिकटून राहण्याची सोयच उरत नाही.

म्हणून आपल्या खात्याच्या अनुदानावर होणाऱ्या स्पर्धांपुरती तरी एवढी अट घाला : बारा वर्षांखाली छोटे संघ, प्रत्येक मुलाला हंगामात बचाव, मध्य आणि आघाडी अशा तिन्ही फळ्यांत खेळवल्याची नोंद, आणि प्रशिक्षकाचं मूल्यमापन करंडकांऐवजी त्या नोंदीवर. नोंदवही तपासायला वेगळी यंत्रणा नको, सामन्याच्या संघयादीत एक खूण पुरेल. निवड चाचणीतही मुलाला निदान दोन जागांवर खेळवून मगच गुण द्यावेत.

पुढच्या हंगामाची नियमावली छापायला जाण्याआधी हे व्हावं, ही विनंती.

आपला,
लहान मुलांचा एक फुटबॉल प्रशिक्षक