चंदिगडच्या खुर्चीबद्दल

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार.

इतके महिने पत्र नाही याचा राग भेटीत हक्काने काढ. प्रकृती ठीक आहे, गुडघा तेवढा कुरकुरतो. आज लिहायला बसलो, कारण हे तुझ्याशिवाय कुणाला सांगावे ते कळेना.

गेल्या आठवड्यात एक गृहस्थ कारखान्यात आले आणि वास्तुरचनाकार पिएर जानरेंच्या चंदिगडच्या खुर्चीचे छायाचित्र त्यांनी माझ्यापुढे ठेवले. सागवान, वेताची बैठक, हाताच्या पट्टीला तोलणारे उलट्या व्ही अक्षरासारखे पाय. मला तर आनंदाचे भरतेच आले. मग आवाज खाली आणून ते म्हणाले, की पाठीवर पांढऱ्या रंगात सरकारी अक्षरे आणि क्रमांक काढायचे, पायांना टवके पाडायचे आणि वेत काळपटवायचा. म्हणजे खुर्ची 'अस्सल' म्हणून विकता येते.

वसंता, ती अक्षरे म्हणजे सजावट नव्हे. लाहोर पाकिस्तानात गेले, पंजाबला नवी राजधानी हवी होती, आणि सचिवालय, उच्च न्यायालय, विद्यापीठ यांसाठी हजारोंनी टेबलखुर्च्या लागणार होत्या. शहराचा आराखडा करणारे वास्तुरचनाकार ल कॉर्बूझिए अधूनमधून येत. त्यांचे चुलतबंधू जानरे मात्र 1951 पासून 1965 पर्यंत तिथेच राहिले. त्यांनी आणि यूली चौधरींसारख्या सहकाऱ्यांनी आराखडे केले, पण खुर्च्या घडल्या निरनिराळ्या स्थानिक सुतारांच्या हातून, म्हणून एकीचा पाय दुसरीशी तंतोतंत जुळत नाही. त्या सुतारांची नावे कुठे लिहिलेली नाहीत. वस्तू कोणत्या कार्यालयाची, एवढेच ती अक्षरे सांगतात. पुढे मोडक्या म्हणून त्या भंगाराच्या भावात लिलावात गेल्या आणि पॅरिस-न्यूयॉर्कला लाखो रुपयांना विकल्या गेल्या. 2011 साली केंद्रीय गृहमंत्रालयाने त्यांच्या विक्रीला आणि परदेशी नेण्याला मनाई केली, तोवर पुष्कळ माल गेला होता. आता उरल्यासुरल्या साक्षीचीही नक्कल करायची?

तू म्हणशील, अमेरिकेतल्या ईम्स या रचनाकार जोडप्याचे बघ. वसतिगृहाच्या गच्चीवरचे आपले भांडण मला आठवते: 1942 साली चार्ल्स आणि रे ईम्स यांनी जखमी नौसैनिकांच्या पायांसाठी प्लायवुड वाकवून आधारपट्ट्या केल्या, त्याच कसबातून पुढे यंत्रावरच्या खुर्च्या निघाल्या, आणि स्वस्त, एकसारखी वस्तू हीच खरी लोकशाही, असा तुझा हट्ट. जानरेंच्या खुर्चीला तू 'हेडमास्तरांची खुर्ची' म्हणायचास, ते मी अजून माफ केलेले नाही. पण ईम्सांची खुर्ची आपण आजचीच आहे असे उघड सांगते, हे मला मान्य आहे.

तो घाट घेऊन खुर्ची करण्यात मला गैर वाटत नाही. अक्षरे मी काढणार नाही, हे त्यांना स्पष्ट सांगितले. ते म्हणाले, "तुम्ही नुसत्या खुर्च्या द्या, बाकीचे आम्ही बघू." तिथेच माझी झोप उडाली आहे. बैठकीखाली माझे नाव आणि साल कोरले, तरी पॉलिशपेपरच्या चार हातांत ते जाईल. म्हणून विचार असा आहे, की पायाचे कुसू, म्हणजे खाचेत घुसणारे टोक, बसवण्यापूर्वी त्याच्यावरच वर्ष डागावे. सांधा फोडल्याशिवाय ते निघणार नाही. पण सांधा फोडल्याशिवाय ते दिसणारही नाही, मग फसणाऱ्याला त्याचा उपयोग काय? काम नाकारावे, तर पावसाळ्यात कारागिरांना देण्यासारखे दुसरे मोठे काम हाताशी नाही.

तुझी बदली झाली का? चिरंजीवांच्या प्रवेशाचे कळव. वहिनींना नमस्कार.

ते गृहस्थ शनिवारी आगाऊ रक्कम घेऊन येतील. त्याआधी फोन कर.

तुझा,
माधव