चांदीची किटली वितळवण्यापूर्वी

महोदय,

चांदीचा भाव चढला की सांगलीतल्या जुन्या घरांतली माळ्यावरची भांडी सराफ कट्ट्यावर येतात. आमच्या नात्यातल्या एका घरचा चहाचा सेट नुकताच असा मोडीत गेला. किटली, दूधदाणी, साखरदाणी. काट्यावर वजन झालं, घट धरली, पैसे मिळाले. मला फार वाईट वाटलं.

पुण्यात १८९० साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून टिळक-रानड्यांसारख्यांनाही ग्रामण्याला, म्हणजे जातीच्या बहिष्काराला, तोंड द्यावं लागलं होतं. चिनी मातीचा कप विटाळतो, धातू घासला की शुद्ध होतो, अशी समजूत असलेल्या घरांत चांदीची किटली चालून गेली. ती निघायची जावयासाठी, मामलेदारासाठी. गड्याचा कप मात्र गोठ्याच्या कोनाड्यात पालथा असायचा. त्या सेटबरोबर ही आठवणही वितळते, आणि ती तर मुळीच पुसली जाऊ नये.

आपल्या विटा-आटपाडीकडची माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, धंद्यात देशभर पसरली आहेत. त्यांच्या कामाबद्दल तक्रार नाही. विनंती घरच्यांना आहे. आधी बुडाचा शिक्का बघा. चालता सिंह असेल तर ती इंग्लंडची किमान ९२.५ टक्के चांदी. 'ईपीएनएस' असेल तर वर नुसता मुलामा, मोडून हाती काही लागायचं नाही. विकायचंच असेल तर फोटो काढा, आणि किटली कोणासाठी निघायची, कोणासाठी नाही, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून ठेवा.

– एक वाचक, गावभाग, सांगली