बीपीची गोळी, यकृत आणि पेठ-सुरगाण्याच्या गरोदर माता: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

मी पंचवटीतल्या औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. "बीपीच्या गोळीनं लिव्हर खराब होतं म्हणे," हे काउंटरवर सतत ऐकू येतं. बोलणाऱ्यांपैकी बरेच जण गोळी परस्पर बंद करून बसलेले असतात. त्यांना मी ठामपणे सांगतो की अ‍ॅम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टनमुळे यकृताला इजा होणं फार विरळ आहे. गोळी सोडून लकवा मारण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा.

मात्र ही ग्वाही मला मिथाइलडोपा आणि लॅबेटालॉलबद्दल देता येत नाही. गरोदरपणात बीपी वाढलं की बहुधा याच गोळ्या देतात, कारण टेल्मिसार्टन, एनालाप्रिल पोटातल्या बाळाला घातक ठरतात. या गोळ्या हव्यातच, त्यांनी आईचा जीव वाचतो. पण क्वचित त्यांच्यामुळे यकृताला सूज येते, तीही बहुधा सुरुवातीच्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत. वेळीच ओळखून औषध बदललं तर यकृत सहसा पूर्ववत होतं. दुर्लक्ष झालं तर जीवही जाऊ शकतो. म्हणून मिथाइलडोपा सुरू केल्यावर पहिल्या ६ ते १२ आठवड्यांत यकृताची तपासणी करायची असते.

आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या पेठ, सुरगाणा या आदिवासी तालुक्यांच्या पाड्यावरच्या बाईला हे कोण सांगणार? अंगाला खाज, गडद लघवी, पिवळे डोळे ही लक्षणं गरोदरपणात इतर कारणांनीही दिसतात. वाढलेल्या बीपीतून होणाऱ्या हेल्प सिंड्रोम या गरोदरपणातल्या गंभीर आजारातही एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारा घटक) वाढतं. गोळी सुरू होण्याआधीचा रिपोर्ट हाताशी नसेल, तर दोष औषधाचा की आजाराचा हे डॉक्टरांनाही चटकन ठरवता येत नाही. तोवर घरचे तिला कावीळ उतरवायला घेऊन गेलेले असतात. त्यात कापून दिलेल्या पट्टीवर अनेकदा औषधाचं नावही उरत नाही. पुढच्या दवाखान्यात ती "पांढरी गोळी" एवढंच सांगू शकते. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

म्हणून विनंती आहे की या दोन गोळ्या सुरू करण्याआधी आणि नंतर ठरावीक काळानं प्राथमिक आरोग्य केंद्रातच एसजीपीटी तपासलं जावं. गोळ्यांच्या पाकिटावर औषधाचं नाव आणि वरची लक्षणं मराठीत लिहिलेली असावीत, आणि "गोळी मनानं बंद करू नका, पण ही लक्षणं दिसली तर त्याच दिवशी या," हेही. आशाताईंना ही लक्षणं पाठ असावीत. आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशकातच आहे, त्याची मदत प्रशिक्षणाला घेता येईल.

औषधांचे दुष्परिणाम नोंदवायला २०१० पासून राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. त्याचा १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक प्रत्येक केंद्राच्या दर्शनी भिंतीवर लावावा. रुग्णालाही तिथे तक्रार नोंदवता येते, हे फार थोड्यांना माहीत आहे.

सुरुवात आमच्या जिल्ह्यातल्या आदिवासी तालुक्यांपासून करावी, ही कळकळीची विनंती.

आपला नम्र,
एक फार्मासिस्ट, पंचवटी, नाशिक