कॉकपिटमध्ये धूर दिसल्यावर को-पायलटने गप्प बसू नये, यासाठी

प्रति,
मा. राज्यमंत्री, नागरी विमान वाहतूक, नवी दिल्ली

महोदय,

कराडची धावपट्टी वाढवायची की कवलापूरला विमानतळ करायचा, हा आमच्याकडचा नेहमीचा वाद. हे पत्र त्यासाठी नाही. सातारा-सांगलीची जी मुले-मुली आज विमानात उजव्या, म्हणजे को-पायलटच्या सीटवर बसतात, त्यांच्या प्रशिक्षणाविषयी आहे.

इंजिनाला आग लागली तर घंटा वाजते, लाल दिवा लागतो आणि पुढचे सगळे ठरलेले असते: थ्रॉटल मागे, इंधन बंद, फायर हँडल, आग विझवणाऱ्या वायूची पहिली बाटली, 30 सेकंदांत दिवा विझला नाही तर दुसरी. लिव्हर हलवण्याआधी दोघांनी खात्री करायची. 1989 मध्ये इंग्लंडात केगवर्थजवळ बिघडलेले सोडून चांगले इंजिन बंद केले गेले आणि 47 जण गेले.

छताच्या पॅनेलमागे वायर जळू लागली तर घंटा नसते. नुसता वास येतो. 1998 मध्ये कॅनडाजवळ स्विसएअरच्या 111 क्रमांकाच्या विमानातील वैमानिकांना तो आधी एसीचा वाटला. साधारण 21 मिनिटांत विमान समुद्रात कोसळले, 229 मृत्यू. तडक जवळच्या हॅलिफॅक्स विमानतळाकडे वळले असते तरी बहुधा पोचले नसते, असे तपासात निघाले. म्हणून आग कुठे आहे ते शोधत बसण्यात अर्थ नाही. मास्क, 100 टक्के ऑक्सिजन, जवळच्या विमानतळाकडे तोंड. चेकलिस्ट वाटेत वाचावी.

आता मास्क चढवल्यावर काय होते ते बघा. चेहरा झाकतो, इंटरकॉमवर श्वासाचीच घरघर ऐकू येते. "सर, जरा बघायचं का?" हे त्यात विरून जाते. थोरांपुढे उलट बोलू नये हे घरातच शिकलेला नवखा को-पायलट नेमका असाच बोलतो.

1980 मध्ये रियाधला सौदिया कंपनीचे 163 क्रमांकाचे विमान पेटलेल्या अवस्थेत सुखरूप उतरले होते. प्रवाशांना बाहेर काढायचे का, असे केबिन क्रूने पुन्हा पुन्हा विचारले. कॅप्टनने धावपट्टीवर करकचून ब्रेक लावण्याऐवजी विमान टॅक्सीवेवर नेले, थांबल्यावरही तीनेक मिनिटे इंजिने चालू ठेवली. इंजिने चालू असल्याने बचाव पथकाला लगेच दारे उघडता आली नाहीत. सगळे 301 जण जमिनीवर असताना मेले. आपल्या मंगळूरला 2010 मध्ये उतरण्याआधी आग नव्हती, पण को-पायलटने तीनदा 'गो अराउंड' (उतरणे सोडून पुन्हा वर चला) सांगूनही विमान उतरवले गेले. को-पायलटने स्वतः ताबा घेतला नाही. 158 मृत्यू.

कॅप्टनचा शब्द अंतिम, हे योग्यच आहे. कॉकपिटमध्ये मतदान नको. ताबा घेणेही जोखमीचेच. एअरबसच्या दोन साइडस्टिक (दोन्ही वैमानिकांच्या विमान चालवण्याच्या दांड्या) एकमेकींना जोडलेल्या नसतात, दोघांनी हलवल्या तर हालचालींची बेरीज होते. त्यामुळे "आय हॅव कंट्रोल" मोठ्याने म्हणून आपल्या साइडस्टिकवरचे ताबा घेण्याचे लाल बटण दाबून धरायचे, हे हाताच्या सवयीचे व्हायला हवे.

वैमानिकांच्या सहामाही सिम्युलेटर तपासणीत डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) एक प्रसंग सक्तीचा करावा: उगम न कळलेला धूर, दोघांना मास्क, आणि डाव्या सीटवरचा प्रशिक्षक मुद्दाम "थांब, बघू" म्हणत वेळ काढणारा. को-पायलटने आधी विचारावे, मग धोका सांगावा, मग "कॅप्टन, आत्ताच उतरायला हवं" असे ठणकावावे. दोनदा प्रतिसाद आला नाही तर ताबा घ्यावा. कॅप्टनच्या तपासणीत, टोकल्यावर तो कसा वागतो याला गुण असावेत. आणि ताबा घेतलेल्या को-पायलटवर चौकशी पूर्ण होईपर्यंत कंपनीने कारवाई करू नये, असे परिपत्रकात स्पष्ट लिहावे. नाहीतर सिम्युलेटरमध्ये धीट असलेला प्रत्यक्षात नोकरीचा विचार करील.

आपले,
सातारा-सांगलीतील काही वैमानिक व विमान देखभाल अभियंते