अनाथ विद्यार्थ्यांचे अनुरक्षण पदवी पूर्ण होईपर्यंत हवे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

बारावीचे निकाल लागून महाविद्यालयीन प्रवेश सुरू झाले, की शुल्क, कटऑफ आणि जागांची चर्चा वृत्तपत्रांत भरभरून होते. बालगृहात किंवा बालसंगोपन योजनेखाली दुसऱ्या कुटुंबात वाढलेल्या मुलामुलींचा विषय मात्र तीत क्वचितच येतो, म्हणून हे पत्र. या मुलांचे बारावी होणे आणि त्यांना अठरा वर्षे पूर्ण होणे साधारणतः एकाच सुमारास घडते. इतर घरांत ज्या वर्षी आईवडील मुलांच्या शिक्षणासाठी सर्वाधिक धावपळ करतात, नेमक्या त्याच वर्षी या मुलांच्या डोक्यावरचे बालगृहाचे छप्पर आणि संगोपनाचे अनुदान दोन्ही जाते.

महाराष्ट्राने याबाबत काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. स्वतः अनाथालयात वाढलेल्या अमृता करवंदे यांच्या चिकाटीच्या पाठपुराव्यानंतर २०१८ साली राज्याने अनाथांना शिक्षणात आणि शासकीय नोकऱ्यांत एक टक्का समांतर आरक्षण दिले. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात जी पूर्ण माफी मुलींना मिळू लागली, तिच्यात अनाथ मुलामुलींचाही समावेश आहे. म्हणजे प्रवेश आणि शुल्क हे दोन अडथळे बऱ्याच अंशी दूर झाले आहेत. राहणे, जेवणे आणि पाठीशी कोणी मोठे माणूस असणे, हे प्रश्न मात्र तसेच आहेत.

बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलांना अनुरक्षणाची, म्हणजे अठरा वर्षांनंतरच्या आधाराची तरतूद आहे. ती एकविसाव्या वर्षापर्यंत आणि नियमांनुसार अपवादात्मक परिस्थितीत तेविसाव्या वर्षापर्यंत चालते. आता हिशेब करून पाहावा. अठराव्या वर्षी प्रवेश घेणाऱ्याची तीन वर्षांची पदवी एकविसाव्या वर्षी कशीबशी पुरी होते, अभियांत्रिकीला बाविसावे वर्ष उजाडते, आणि एमबीबीएस करणाऱ्याची आंतरवासिता (इंटर्नशिप) तेविसावे वर्ष ओलांडूनच संपते. मध्ये एक वर्ष वाया गेले किंवा नीटची परीक्षा पुन्हा द्यावी लागली, तर हिशेब आणखी बिघडतो. आपल्या घरातले मूल एकदा नापास झाले म्हणून आपण त्याला घराबाहेर काढत नाही. शासनाने पालकत्व स्वीकारलेल्या मुलालाही तेवढी सवलत मिळायलाच हवी.

बालसंगोपनातील मुलांची स्थिती याहून बिकट आहे. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात आणि अठरा वर्षे होताच ते थांबतात. मूल संस्थेऐवजी कुटुंबात वाढावे, हे सरकारचे धोरण आहे आणि ते योग्यच आहे. परंतु अधिनियमातील अनुरक्षणाची व्याख्या संस्थेतून बाहेर पडलेल्यांपुरतीच असल्याने, ज्या मावशी-काकांनी किंवा परक्या कुटुंबाने मुलाला सांभाळले, त्यांच्याकडचे मूल या आधाराला मुकते. बहुतेकदा हे सांभाळणारे स्वतःच हातावर पोट असलेले असतात आणि अनुदान थांबले, की मुलाला कामाला लावण्यावाचून त्यांच्यापुढे दुसरा मार्ग उरत नाही.

महाविद्यालयात अनेक वर्षे शिकवताना मला आणखी एक अडचण जवळून दिसली, आणि तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. दिवाळीत आणि उन्हाळ्यात वसतिगृह रिकामे करून घेतात, मेस बंद होते. ज्याला गाव नाही, घर नाही, त्याने महिनाभर कुठे जायचे? काही विद्यार्थी मित्रांच्या घरी संकोचत राहतात, काही एखाद्या हॉटेलात किंवा दुकानात कामाला लागून तिथेच झोपतात, आणि त्यांतले काही सुटी संपल्यावर वर्गात परतत नाहीत. इंग्लंडमध्ये अशा विद्यार्थ्यांच्या सुटीतील निवासाची जबाबदारी कायद्यानेच स्थानिक प्रशासनावर टाकलेली आहे. आपल्याकडे त्यासाठी कायदाही लागणार नाही. विद्यापीठांनी एक परिपत्रक काढून प्रत्येक जिल्ह्यात निदान एक वसतिगृह बारा महिने उघडे ठेवले, तरी पुष्कळ काम होईल. शैक्षणिक कर्जाच्या अर्जावर सहकर्जदार म्हणून पालकाची सही लागते. तीही जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या शिफारशीवर भागवता यावी, यासाठी राज्यस्तरीय बँकर्स समितीशी बोलणे शासनाला अवघड नाही.

वयाची मर्यादा वाढवणे परवडणार नाही, असे कोणी म्हणेल, तर त्यांनी कोविडमध्ये आईवडील गमावलेल्या मुलांसाठी २०२१ साली सुरू झालेली पीएम केअर्स योजना आठवावी. तीत अठरा ते तेवीस या वयात मासिक विद्यावेतन आणि तेविसाव्या वर्षी दहा लाख रुपये देण्याची तरतूद आहे. ती योजना अत्यंत योग्य होती. पण आईवडील अपघातात, क्षयाने किंवा आत्महत्येने गेले, म्हणून मुलाची गरज कमी कशी होते?

तेव्हा महिला व बाल विकास आणि उच्च व तंत्रशिक्षण या दोन्ही विभागांनी एकत्र बसून अनुरक्षणाचा लाभ वयाऐवजी अभ्यासक्रमाच्या कालावधीशी जोडावा, आणि बालसंगोपनातील मुलांनाही तो मिळावा. केंद्रीय अधिनियमात दुरुस्ती होण्यास वेळ लागेल. तोवर राज्याने स्वतःच्या निधीतून, पुढील शैक्षणिक वर्षाचे प्रवेश सुरू होण्यापूर्वी, तसा शासन निर्णय काढावा.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापिका, सातारा