जनुकचाचणी आणि आपल्या घरचा मधुमेह

तीर्थरूप आई आणि तीर्थरूप बाबा यांस,

शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, घरातल्या सगळ्यांची जनुकचाचणी करून घ्यावी का, असे तुम्ही विचारले होते. फोनवर दोन वाक्यांत उत्तर देता आले असते, पण त्या प्रश्नामागे मला तुम्हा दोघांच्या मनात घर करून बसलेल्या दोन समजुती दिसल्या. मधुमेह आपल्या घराण्यातच आहे, तेव्हा पथ्य करून काय होणार, ही तुमची. आणि लेकीचे वजन आपल्यावर गेले म्हणजे दोष आपलाच, ही आईची. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आई, आधी तुझ्याविषयी. एकाच चुलीवरचे जेवून मामा सडपातळ राहिले आणि तुझे वजन वाढत गेले, त्यावरून प्रत्येक लग्नकार्यात तुला काय काय ऐकावे लागले हे मी लहानपणापासून पाहिले आहे. २००७ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी एफटीओ नावाच्या जनुकातला एक फरक उजेडात आणला. आई आणि वडील अशा दोघांकडूनही तो ज्यांच्याकडे आलेला असतो, त्यांचे वजन तो मुळीच नसलेल्यांपेक्षा सरासरी ३ किलोंनी जास्त भरते. हा फरक असलेल्या मुलांना पोट भरल्याची जाणीव कमी होते, असे नंतरच्या अभ्यासांत दिसून आले. म्हणजे ताटावरून वेळेवर उठणे त्यांना इतरांपेक्षा खरोखरच अवघड जाते. २००८ साली लंडनमध्ये राहणाऱ्या भारतीय वंशाच्या लोकांचा अभ्यास झाला, तेव्हा भुकेचे नियंत्रण करणाऱ्या एमसी४आर या जनुकाजवळचा एक फरक कंबरेच्या घेराशी निगडित असल्याचे आढळले, आणि तो युरोपीय लोकांपेक्षा आपल्या लोकांत अधिक प्रमाणात आहे. तुझ्यात यांपैकी काय आहे हे मला ठाऊक नाही आणि ते जाणून घेण्याची गरजही नाही. पण ज्यांची भूक सहज शमते त्यांनी तुला ‘जिभेवर ताबा नाही’ म्हणावे, हा अन्याय आहे, एवढे मी ठामपणे म्हणते. जे तू निवडून मला दिलेले नाहीस, त्याचा दोष तू स्वतःकडे घेऊ नकोस. दोन लाखांहून अधिक प्रौढांच्या माहितीवरून २०११ साली असेही दिसले की नियमित हालचाल करणाऱ्यांमध्ये एफटीओचा परिणाम जवळजवळ चतुर्थांशाने कमी होतो. तेव्हा तुझे संध्याकाळचे फिरणे वजनकाट्यावर दिसो वा न दिसो, ते मात्र सोडू नकोस.

बाबा, तुमचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. तुम्ही आयुष्यभर सडपातळ, तरीही मधुमेह तुम्हाला झाला आणि आईला नाही, याचे तुम्हाला राहून राहून नवल वाटते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापले होते. उंचीच्या मानाने वजन मोजणारा दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. आपल्याकडच्या पुष्कळ बारीक माणसांचे असेच असते. हातपाय किरकोळ, स्नायू कमी आणि चरबी पोटात, यकृताभोवती साठलेली. तुमची कृश अंगकाठी म्हणूनच तुमच्या कामी आली नाही.

त्यात जनुकांचा वाटा आहेच. मधुमेहाशी सर्वांत ठळक संबंध असलेला टीसीएफ७एल२ या जनुकातला फरक २००६ साली आइसलंडमधल्या संशोधकांनी शोधला, आणि पुण्याच्या केईएमने हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेबरोबर काम करून तो आपल्या लोकांतही तितकाच महत्त्वाचा असल्याचे दाखवले. जेवणानंतर रक्तात साखर वाढली की स्वादुपिंडाने जेवढे इन्सुलिन सोडायला हवे, तेवढे या फरकामुळे सोडले जात नाही. परंतु, बाबा, पुढचे कृपा करून दोनदा वाचा. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांवर एक मोठा प्रयोग झाला, ज्यात आहार सांभाळणाऱ्या आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम करणाऱ्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. त्याच लोकांची जनुके तपासली, तेव्हा ज्यांना हा फरक आईवडील दोघांकडूनही मिळाला होता, त्यांच्यापैकी आहार-व्यायामाच्या गटात नसलेल्यांना मधुमेह लवकर झाला. आहार-व्यायामाच्या गटात मात्र तो वाढीव धोका जवळजवळ दिसेनासा झाला. ‘घराण्यात आहे’ हे खरे असल्यामुळेच पथ्याला अर्थ आहे.

आता चाचणीबद्दल. माझे मत स्पष्टपणे नको असे आहे. मधुमेह आणि स्थूलता यांच्याशी जोडलेले फरक शेकड्यांनी आहेत, प्रत्येकाचा परिणाम थोडा, आणि त्यांची बेरीज करून धोका सांगणारी गणिते मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवर बेतलेली असल्याने आपल्या बाबतीत ती कमी अचूक ठरतात. तुम्ही, आत्या आणि मोठे काका अशा तिघांना मधुमेह आहे, एवढी माहिती दादाला आणि मला सावध करायला पुरेशी आहे. अपवाद एकच: एकाच जनुकातल्या बिघाडामुळे अगदी तरुणपणी, पिढ्यान् पिढ्या होणारा मधुमेह. तिथे चाचणीने औषधच बदलू शकते, काहींचे इन्सुलिन बंद होऊन गोळ्यांवर भागते. तुम्हाला तो पन्नाशीत झाला, त्यामुळे आपला प्रकार तो दिसत नाही. त्या पैशांत दादाची आणि माझी उपाशीपोटीची व तीन महिन्यांच्या सरासरीची साखर दरवर्षी तपासता येईल. कंबर मोजायला शिवणाची टेप घरात आहेच; आपल्याकडे पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटर ही मर्यादा धरतात.

शेवटी वहिनीविषयी. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर स्त्रिया आणि त्यांची मुले यांचा अभ्यास चालू आहे. तिथली बाळे सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच लहान, तरीही चरबी मात्र राखून असलेली होती. ज्या आयांच्या रक्तात बी१२ हे जीवनसत्त्व कमी आणि फोलेट हे दुसरे जीवनसत्त्व जास्त होते, त्यांच्या मुलांच्या शरीरात सहाव्या वर्षीच इन्सुलिनचा प्रभाव कमी पडत असल्याचे दिसले. बी१२ मुख्यतः प्राणिज पदार्थांतून मिळते आणि आपले घर शाकाहारी आहे, म्हणून वहिनीचे बी१२ तपासून घ्यावे का, हे पुढच्या भेटीत तिच्या डॉक्टरांना आवर्जून विचारा. मनाने मात्र कोणतीही गोळी सुरू किंवा बंद करू नका. दादाला मी वेगळे कळवतेच आहे; त्यानेही स्वतःची साखर याच महिन्यात तपासून घ्यावी.

तुमची लेक