रोज एक पान लिहा, पण कुठलं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत आठवणी कशा लिहाव्यात यावर लेख आला होता, रोज एक पान लिहा म्हणे, वर्षात पुस्तक तयार. मी दीड वर्ष लिहितोय, दोनशे पानी दोन वह्या भरल्या, पण त्यातले आठ महिने एक ओळ पुढे सरकली नाही आणि टाइम नव्हता असं अजिबात नाही, रिटायर माणसाला टाइमच टाइम.

मी परळच्या एका कापड गिरणीत साचेवाला, म्हणजे माग चालवणारा, होतो. भोंगा, खानावळ, एकाच खोलीत पाळीपाळीने झोपणारी गावची पोरं, हे सगळं भराभर उतरलं. मग 1982 चा संप आला. मी झोकात लिहिलं की पहिल्या दिवशी गेटवर छत्र्या घेऊन उभे होतो. जुन्या जोडीदाराला फोनवर वाचून दाखवलं तर म्हणतो, अरे येड्या, संप सुरू झाला 18 जानेवारीला, पाऊस कुठला? बरोबरच होतं त्याचं. छत्री नंतरच्या पावसाळ्यातली, गेट उघडतंय का बघायला जायचो तेव्हाची. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही ना, त्यामुळे पुढचं सगळं डोक्यात एकमेकांत मिसळलंय. असो, तारीख काय, खोडून परत लिहिता येते.

खरी गाडी अडली ती पुढे. घरात दाणा नव्हता आणि मी बाकीच्यांच्या आधी मागच्या गेटने कामावर गेलो. जोडीदार तेव्हा गावी होता, त्याला आजपर्यंत हे माहीत नाही. आठ महिने ते पान गाळून पुढचं लिहायला बघत होतो पण जे लिहीन ते खोटंच वाटायचं. शेवटी बायको म्हणाली, खरं लिहायचं नसेल तर वही रद्दीत घाला.

फलटणच्या बेबीताई कांबळे दुकानात बसून लिहायच्या आणि लिहिलेलं घरच्यांपासून वीस वर्षं लपवून ठेवलेलं, त्या आठवणींचं 'जिणं आमुचं' पुस्तक झालं ते 1986 ला. त्यांना तर गिऱ्हाईकही बघायचं होतं, मला काय, चहा सुद्धा हातात मिळतो.

तर परत असा लेख छापाल तेव्हा या अडकण्याबद्दल पण कुणाला तरी लिहायला सांगा, पेन कुठलं घ्यावं यावर अर्धा कॉलम होता त्यापेक्षा बरं. माझं ते प्रकरण गेल्या आठवड्यात झालं, साडेचार पानं. जोडीदाराला अजून वाचून दाखवलेलं नाही.

आपला,
एक जुना साचेवाला, डोंबिवली